पोथी, दोत्रीन आणि घरची सांज : 'ख्रिस्तपुराणा'चे विसरलेले श्रोते

एम.ए.च्या वर्गात 'ख्रिस्तपुराण' शिकवताना आपण सर्वजण जवळपास एकाच वाटेने जातो. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्या सुप्रसिद्ध ओव्या वाचायच्या, इंग्लंडहून आलेल्या एका जेझुइट धर्मगुरूने आपल्या भाषेची तुलना रत्नांशी, फुलांशी आणि कस्तुरीशी केली याचे कौतुक करायचे, छंद ओवीचा आहे हे सांगायचे, आणि पुढच्या कवीकडे वळायचे. विद्यार्थ्याच्या वहीत उरतात ती एक तारीख आणि एक प्रशस्तिपत्रक. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथाची अशी बोळवण होणे खटकायला हवे. परंतु भाषाभिमानाच्या आनंदात ते आपल्याला खटकत नाही.

हे काव्य कोणाच्या कानांसाठी रचले गेले? वर्षाच्या कोणत्या दिवसांत, कोठे बसून, कोणी ते वाचावे अशी अपेक्षा होती? हे प्रश्न आपण ज्ञानेश्वरीच्या किंवा श्रीधराच्या ग्रंथांच्या बाबतीत सहज विचारतो, कारण त्यांच्या पारायणांची परंपरा आपल्या डोळ्यांसमोर आहे. 'ख्रिस्तपुराणा'च्या बाबतीत मात्र ते विचारण्याची आपल्याला सवय नाही. प्रस्तुत लेखात आम्हांला एवढेच दाखवायचे आहे की, या ग्रंथाच्या जन्मकथेत मुले आहेत, त्याच्या जडणघडणीत ख्रिस्ती वर्षाचे निरनिराळे काळ आहेत, आणि तो टिकला तो प्रामुख्याने घरांमुळे. रत्नागिरीसारख्या ठिकाणी राहून मराठी शिकवणाऱ्या आम्हां मंडळींना हा प्रश्न केवळ सतराव्या शतकाचा वाटत नाही, त्याचे कारण पुढे येईल.

थॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. चाळीस वर्षांच्या या वास्तव्याचा बराचसा भाग साष्टीत गेला. ते ज्या साष्टीत आले ती शांत नव्हती. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशनची स्थापना झाली होती. १५६७ मध्ये साष्टीतील देवळांचा विध्वंस झाला होता. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले होते. जुन्या पोथ्या आणि जुने सण यांच्यावर बंदी होती. धर्मांतर केलेल्या कुटुंबांतून पिढ्यान्‌पिढ्यांचे पुराणश्रवण अकस्मात बंद झाले होते, आणि त्या जागी प्रश्नोत्तरांच्या रूपातील धर्मशिक्षण आले होते. त्याला तेथील लोक पोर्तुगीज शब्दावरून 'दोत्रीन' म्हणत.

'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभीच्या भागात कवीने ग्रंथरचनेचे जे निमित्त सांगितले आहे, त्याकडे या दृष्टीने पाहावे. साष्टीत मुलांना दोत्रीन सांगितली जात आहे. ती चालू असता एक जाणता ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीगुरूंना नम्रपणे विनवतो. दोत्रीन उत्तम आहे हे तो मान्य करतो. परंतु तुम्ही आमची पूर्वीची पुराणे वाचू नका असे सांगितले, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का दिले नाही, असे त्याचे विचारणे आहे. ते असते तर लोकांचा वेळ चांगल्या रीतीने गेला असता आणि मनही रमले असते. ही विनंती मान्य करून गुरू कथा सांगू लागतात.

पुराणकाव्यात श्रोता-वक्त्याची चौकट असणे हा संकेतच आहे. नैमिषारण्यात शौनक विचारतो आणि सूत सांगतो, तशीच ही रचना. म्हणून हा प्रसंग जसाच्या तसा घडला असे मानण्याची गरज नाही. तरीही कवीने निवडलेली चौकट बोलकी आहे. अरण्यातील ऋषींच्या जागी येथे पाठांतर करणारी मुले आली आहेत आणि यज्ञसत्राच्या जागी धर्मशिक्षणाचा वर्ग. त्या ब्राह्मणाच्या तोंडच्या शब्दांत जी तक्रार आहे, ती मऊ भाषेत मांडलेली असली तरी तक्रारच आहे : तुम्ही आमच्याकडून कथा काढून घेतली आणि बदल्यात प्रश्नोत्तरे दिली. सत्तेच्या छायेत लिहिल्या गेलेल्या ग्रंथाने आपल्या पहिल्याच पानांत ही तक्रार नोंदवून ठेवावी, ही गोष्ट आमच्या मते मराठीच्या स्तुतीइतकीच महत्त्वाची आहे.

स्टीफन्स यांनी दोन्ही गरजा ओळखल्या होत्या. त्यांचे कोकणीतील 'दोत्रीन ख्रिस्तां' हे पुस्तक त्यांच्या निधनानंतर, १६२२ साली रायतूर येथे छापले गेले. मार्कुश जॉर्ज या पोर्तुगीज जेझुइटाच्या पुस्तकाच्या आधाराने रचलेली ही गुरु-शिष्यांची प्रश्नोत्तरे आहेत. क्रूसाची खूण, प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, संस्कार असा तिचा क्रम आहे. दोत्रिनीला ऋतू नसतो. ती पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात सारखीच असते. पुराणाचे तसे नाही. 'ख्रिस्तपुराणा'चा पहिला खंड सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंत जातो. दुसरा मरियेपासून सुरू होऊन ख्रिस्तजन्म, उपदेश, दुःखसहन, मरण आणि पुनरुत्थान येथवर पोहोचतो. ज्याला ख्रिस्ती उपासनेचे वर्ष ठाऊक आहे त्याच्या लगेच ध्यानात येईल की, या कथेचा ओघ आणि वर्षाचा ओघ जवळपास एकच आहे. डिसेंबरातील आगमनकाळ हा प्रतीक्षेचा, नाताळ हा जन्माचा, त्यानंतरचे चाळीस दिवसांचे उपवास हे दुःखसहनाच्या स्मरणाचे, आणि ईस्टर पुनरुत्थानाचे. म्हणजे घरात पुराण असेल तर प्रत्येक काळाला त्याची कथा हाताशी होती.

येथे मराठी वाचकाला चातुर्मासाची आठवण होणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे श्रावणात एक, अधिक महिन्यात दुसरी, दत्तजयंतीच्या सप्ताहात तिसरी अशी पोथ्यांची वाटणी आहे. श्रावणातल्या वारांच्या कहाण्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया सांगत आणि मुले हातात अक्षता घेऊन ऐकत. कहाणीतील धर्मतत्त्व त्या वयात कळत नसे. पण अमुक कथा अमुक दिवशीची, हे मात्र कायमचे कळे. कालगणना आणि कथा यांची ही गाठ घरात पडते, आणि ती लहान वयात पडते. एकनाथांच्या निधनानंतर अवघ्या सतरा वर्षांनी, १६१६ मध्ये, 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. ज्या समाजाच्या कानांत ओवीबद्ध पुराणाची लय भिनलेली होती त्याच समाजाला कवी ही नवी पोथी देत होता. तिचे वाचन कसे व्हायचे हे त्या श्रोत्यांना वेगळे शिकवण्याची आवश्यकता नव्हती.

ग्रंथाच्या बांधणीतूनही हेच सूचित होते. दोन्ही खंड मिळून पंचाण्णव 'अवस्वरू' म्हणजे अध्याय आहेत : पहिल्यात छत्तीस, दुसऱ्यात एकोणसाठ. ओव्यांच्या एकूण संख्येला या अध्यायसंख्येने भागले तर एका अवस्वरूला सरासरी सव्वाशेहून थोड्या कमी ओव्या येतात. संथ चालीत म्हटल्या तर ही अर्ध्यापाऊण तासाची बैठक होते. दिवेलागणीनंतर, जेवणापूर्वी, मोठ्यांना कंटाळा येऊ नये आणि मुलांना झोप लागू नये एवढ्या वेळात बसणारे हे माप आहे. हा आमचा तर्क आहे. परंतु पोथीच्या अध्यायाचे माप श्रोत्यांच्या बैठकीवरून ठरते हे आपल्या परंपरेत नवे नाही.

भाषेच्या निवडीबद्दल स्टीफन्स यांनी स्वतःच दिलेले स्पष्टीकरण तर अधिकच महत्त्वाचे आहे. निव्वळ ग्रांथिक मराठी मध्यम प्रतीच्या लोकांना कळणार नाही, म्हणून पूर्वीच्या कवींचे अवघड शब्द टाळून ब्राह्मणांच्या बोलीतील, म्हणजे आपण जिला कोकणी म्हणतो तिच्यातील, सोपे शब्द मिसळले, असे त्यांनी प्रास्ताविकात म्हटले आहे. भाषाशास्त्राचे अभ्यासक या मिश्रणाची चर्चा व्याकरणाच्या अंगाने करतात. आम्हांला त्यात श्रोत्यांची चाहूल लागते. ज्या घरात बोली एक आणि पोथीची भाषा दुसरी, त्या घरातील मुलाला पोथी कळावी यासाठी केलेली ही तडजोड आहे. कोकण किनाऱ्यावरील ख्रिस्ती कुटुंबांना ती तडजोड आजही करावी लागते.

स्टीफन्स एकटे नव्हते. एत्येन द ला क्र्वा या फ्रेंच जेझुइटाचे संत पीटरवरील मराठी पुराण गोव्यात १६२९ पासून छापले जाऊ लागले. उत्तर कोकणातील ख्रिस्ती लोकांसाठी फ्रान्सिस्कु वाझ द गिमारांइश या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने रचलेले पुराण १६५९ मध्ये लिस्बन येथे प्रसिद्ध झाले. त्याचा विषयच ख्रिस्ताचे दुःखसहन आणि मरण हा आहे. म्हणजे ते नावानिशी उपवासकाळाचे पुस्तक आहे. मुंबई-साष्टी आणि वसईकडच्या ख्रिस्ती समाजात ते दीर्घकाळ परिचित होते, आणि एकोणिसाव्या शतकात ते मुंबईत पुन्हा छापावे असे कोणास तरी वाटले, यावरून त्याला वाचक होते हे उघड आहे. आपल्या वाङ्मयेतिहासांत या ग्रंथांना 'ख्रिस्ती मराठी वाङ्मय' या प्रकरणात दोन-दोन ओळी मिळतात. काळाकाळाने वाचायच्या पोथ्या म्हणून त्यांचा एकत्र विचार झालेला आमच्या पाहण्यात नाही.

यानंतरचा इतिहास असा आहे की, धर्मसत्ता आणि राज्यसत्ता यांनीच या वाङ्मयाकडे पाठ फिरवली. २७ जून १६८४ रोजी गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढून स्थानिक भाषेचा वापर सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावे असे बजावले. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या आज्ञापत्राने ख्रिस्ती घरांतील अनेक देशी चालीरीतींवर बंदी घातली. त्यांत लग्नप्रसंगी म्हटल्या जाणाऱ्या ओव्याही होत्या. ज्या छंदात ख्रिस्ताची कथा सांगितली गेली, तोच छंद लग्नघरात संशयास्पद ठरला! सत्तेला भाषा तीच दिसते, छंद तोच दिसतो, पण तो कोणाच्या तोंडी आहे यावर तिचे मत बदलते.

अशा काळात 'ख्रिस्तपुराणा'चे काय झाले? १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा ते रोमन लिपीत छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. उरली ती हस्तलिखिते. मंगळूर भागातील हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा आधुनिक अभ्यासकांना हा ग्रंथ समग्र पाहावयास मिळाला. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या कुटुंबांनी तो बरोबर नेला होता, हाताने उतरवून घेतला होता, आणि घरांत वाचला होता. मुद्रणालय, धर्मपीठ आणि ग्रंथालय या तिन्हींना जे जतन करता आले नाही, ते अनाम नकलाकारांनी केले. आपण पाठसंशोधनाच्या तासाला हस्तलिखितांची वंशावळ शिकवतो. त्या वंशावळीच्या मुळाशी सांजेची प्रार्थना आहे, हे सांगायचे राहून जाते.

त्यानंतरचा प्रवास अभ्यासकांना परिचित आहे. लंडनच्या मार्सडेन संग्रहातील देवनागरी प्रत जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२० च्या दशकात उजेडात आणली. तीत पोर्तुगीज-लॅटिन धर्मसंज्ञांच्या जागी अनेक ठिकाणी संस्कृतप्रचुर शब्द आहेत. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये पुण्याहून निघाली. कॅरिदाद द्रागो यांची आवृत्ती १९९६ मध्ये, आणि नंतर नेल्सन फलकांव यांनी आधुनिक मराठी गद्यरूपांतरासह ग्रंथ पुन्हा सिद्ध केला. आज एखाद्या विद्यार्थ्याला 'ख्रिस्तपुराण' मिळवणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे आहे. मात्र ज्या वाचनप्रसंगासाठी ते लिहिले गेले, तो प्रसंग याच शतकात क्षीण होत गेला. ग्रंथ अभ्यासिकेत आला आणि घरातून गेला.

आता रत्नागिरीकडे वळू. १ मे १९८१ पर्यंत सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण हे तालुके रत्नागिरी जिल्ह्यातच होते. गोव्याच्या सीमेलगतच्या या पट्ट्यात कॅथॉलिक वस्ती जुनी आहे, आणि तिचे धार्मिक संस्कार गोव्याच्या वळणाचे आहेत. जिल्हा विभागल्यानंतर आजच्या रत्नागिरी जिल्ह्यात हा समाज थोडका उरला. २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला आणि रत्नागिरी त्यात आली. म्हणजे प्रशासनाने जे वेगळे केले ते धर्मप्रांताने पुन्हा एकत्र केले.

येथील घरांतील प्रार्थनेचे स्वरूप साधे आहे. तिन्हीसांजेला भिंतीवरील देव्हाऱ्यासमोर, ज्याला येथील ख्रिस्ती मंडळी 'अल्तार' म्हणतात, सगळ्यांनी बसून जपमाळेची प्रार्थना म्हणायची. हिचे कोकणी नाव 'तेर्स'. ते पोर्तुगीजमधून आलेले आहे आणि त्याचा अर्थ तिसरा भाग : संपूर्ण जपमाळेतील पंधरा रहस्यांपैकी पाच एका वेळी म्हणायची, म्हणून तेर्स. ही रहस्ये म्हणजे ख्रिस्ताच्या आणि मरियेच्या चरित्रातील प्रसंग. आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची अशी त्यांची तीन गटांत वाटणी होती. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाच्या रहस्यांचा चौथा गट जोडला. त्यामुळे 'तिसरा भाग' हे नाव हिशेबाने आता बरोबर राहिलेले नाही. पण बोलीला अपूर्णांकांची पर्वा नसते. वाचता न येणाऱ्या आजीलाही ख्रिस्तचरित्राचे हे प्रसंग क्रमवार पाठ असत, आणि नातवंडांना ते तिच्याकडून मिळत. पोथी ज्या घरांतून गेली, त्या घरांत माळ राहिली. एका अर्थाने माळ ही मण्यांवर मोजलेली संक्षिप्त पोथीच आहे.

या प्रार्थनेला कोकणातील ऋतूंची जोड मिळते ती पाहण्यासारखी आहे. भातकापणी आटोपून हवेत गारवा आला की आगमनकाळाचे चार रविवार येतात आणि मुले गोठ्याच्या तयारीला लागतात. उपवासकाळ बहुधा शिमग्याच्या आगेमागे येतो. वाडीवर पालखी नाचत असते आणि ख्रिस्ती घरात क्रूसाच्या वाटेची प्रार्थना चालू असते. मे महिना मरियेचा. तो नेमका आंब्याचा, सुट्टीचा आणि मुंबईकर चुलतभावंडांच्या मुक्कामाचा महिना, त्यामुळे क्रूसासमोरच्या लदिनीला मुलांची संख्या सर्वांत जास्त असते. सप्टेंबरच्या ८ तारखेला मरियेचा जन्मदिन येतो तेव्हा भात निसवत असते आणि शेजारी गणपतीची धामधूम नुकतीच झालेली किंवा व्हायची असते. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. त्याला तो मान तेराव्या लिओ पोपांच्या १८८३ च्या परिपत्रापासून मिळाला. उत्तर कोकणातील ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' करतो; नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेल्या जातात. नोव्हेंबर मृतांच्या स्मरणाचा. पंचांग रोमचे असले तरी त्यातील माती येथील आहे. लहान मुलाला आधी समजते ती माती. पंचांग मागाहून कळते.

रत्नागिरी जिल्ह्याने मराठी ख्रिस्ती काव्याला दिलेले मोठे नाव मात्र दुसऱ्या प्रवाहातील आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली दापोली तालुक्यातील करजगावचा. १८९५ मध्ये त्यांनी प्रॉटेस्टंट पंथाची दीक्षा घेतली. त्यांनी आरंभिलेल्या आणि लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेल्या 'ख्रिस्तायना'ची 'ख्रिस्तपुराणा'शी तुलना आपण करतो. परंतु दोहोंच्या श्रोत्यांची तुलना करत नाही. टिळकांच्या परंपरेत भजन-कीर्तन, मुलांसाठी मासिक, छापील गीतसंग्रह अशी आधुनिक साधने होती. घरची उपासना मराठीत होती आणि ती मराठीत आहे याविषयी कोणाच्या मनात संदेह नव्हता. कॅथॉलिक कुटुंबाची स्थिती निराळी होती : चर्चमधली मिस्सा लॅटिनमध्ये, लदीन लॅटिनमध्ये, प्रार्थनापुस्तक रोमी लिपीतील कोकणीत, आणि शाळा मराठीत.

ही स्थिती बदलली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकभाषांना वाट मोकळी करून दिली. पुढच्याच वर्षी, २१ नोव्हेंबर १९६४ रोजी, ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात कुटुंबाला घरातील ख्रिस्तसभा असे म्हटले गेले आणि आईवडील हे मुलांना श्रद्धेची पहिली ओळख करून देणारे, असे सांगितले गेले. महाराष्ट्रात मराठी मिस्सा आली, मराठी गीते आली, आणि एक संपूर्ण शब्दसंग्रह घडवावा लागला. आगमनकाळ, उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, पुनरुत्थान, पवित्र आत्मा : हे शब्द आज सहज वाटतात. या कामी वसईच्या मंडळींचे ऋण मोठे आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२-२०२४) यांच्या 'सुबोध बायबल'ने ते काम साहित्याच्या पातळीवर नेले. त्यातील नव्या कराराच्या अनुवादाला २०१३ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. बोलीत वाढलेल्या मुलाला कळेल अशा सोप्या मराठीत ग्रंथ आणण्याची त्यांची धडपड पाहिली की स्टीफन्स यांचे प्रास्ताविक आठवते.

मग अडचण कोठे आहे? आमच्या वर्गात येणाऱ्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांशी बोलताना ती जाणवते. त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात एकाच काळाला तीन नावे आहेत. आजीचा 'करेज्म', चर्चमधल्या मराठी पत्रकातला 'उपवासकाळ' आणि मोबाइलवरच्या प्रार्थनेतला 'लेंट'. या तिन्ही शब्दांचा निर्देश एकाच चाळीस दिवसांकडे आहे, पण भावना पहिल्याशी जोडलेली, वाचन तिसऱ्याशी, आणि मधला शब्द बहुतेकदा फलकावरच राहतो. आईवडील नोकरीनिमित्त शहरात, तेर्स दूरध्वनीवरून, आणि मुलांसाठीची सचित्र पुस्तके इंग्रजीत. घराची प्रार्थना थांबली असे नव्हे. ती मराठीत आणि कोकणीत होण्याचे थांबत चालले आहे. मराठीने एकेकाळी पोर्तुगीजांचा 'नाताळ' असा पचवला की तो परका शब्द आहे हे सांगावे लागते. ते घडले कारण तो शब्द सणासकट घराघरांत आणि शेजारपाजाऱ्यांत पोहोचला. केवळ परिभाषाकोशात घडवलेल्या शब्दाला असे भाग्य लाभत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, घरची प्रार्थना म्हणजे निव्वळ घोकंपट्टी. मुलाला काय कळते? हा आक्षेप जुनाच आहे, आणि त्याचे उत्तर 'ख्रिस्तपुराणा'तील त्या ब्राह्मणाने दिलेलेच आहे. पाठांतर नको असे तो म्हणत नाही. पाठांतराला कथेची सोबत हवी असे म्हणतो. हॅम्बुर्ग येथील अनाथ आणि गरीब मुलांच्या संस्थेत योहान हिनरिख विखर्न यांनी १८३९ मध्ये एका लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या : आठवड्याच्या दिवसांसाठी लहान, रविवारांसाठी मोठ्या. नाताळ कधी, असे मुले रोज विचारत. त्यांना तो डोळ्यांनी मोजता यावा म्हणून हा खटाटोप होता असे सांगतात. पुढे हीच प्रथा चार मेणबत्त्यांची होऊन कॅथॉलिक घरांत आली. प्रतीक्षा म्हणजे काय हे व्याख्येने सांगता येत नाही; एकेक ज्योत वाढताना ते कळते. कहाणी ऐकणाऱ्या मुलाच्या हातातील अक्षता आणि विखर्नच्या मेणबत्त्या यांचे काम एकच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या ग्रंथाचा जन्म सक्तीच्या सावलीत झाला, त्याला घरगुती जिव्हाळ्याचा रंग देणे हे इतिहासावर पांघरूण घालणे नव्हे काय? आम्ही हा आक्षेप टाळू इच्छित नाही. साष्टीतील देवळे पाडली गेली ही वस्तुस्थिती आहे आणि 'ख्रिस्तपुराण' तिच्याबाहेर उभे नाही. परंतु इतिहास पहिल्या पिढीशी संपत नाही. ज्यांच्यावर पोथी बंदीमुळे आली, त्यांच्या नातवंडांनी ती स्वेच्छेने उतरवून घेतली, आणि भाषेवर बंदी घालणाऱ्या फर्मानानंतरही जपली. राज्यकर्त्यांना ती नकोशी झाली तेव्हा ती त्यांची स्वतःची झाली होती. दमनाचा इतिहास सांगताना या पणतू-नातवांचा इतिहास वगळला, तर आपण त्यांना पुन्हा एकदा केवळ धर्मांतरित म्हणून मोजतो. वाचक म्हणून, नकलाकार म्हणून, मराठीचे वारस म्हणून नव्हे.

म्हणून अध्यापनाच्या संदर्भात आमची सूचना माफक आहे. 'ख्रिस्तपुराण' शिकवताना मराठीच्या थोरवीच्या ओव्यांबरोबर त्या ब्राह्मणाच्या विनंतीचा भागही वाचावा. सत्र परवानगी देत असेल तर दुःखसहनाचे अवस्वरू फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि जन्माचे डिसेंबरात, मोठ्याने, संथ चालीत वाचून दाखवावेत. लिखित पानावर सपाट वाटणारी ओवी श्रवणात वेगळी उभी राहते, हा अनुभव विद्यार्थ्यांना मिळू द्यावा. शेजारी श्रावणातील एखादी कहाणी आणि श्रीधराचा एखादा अध्याय ठेवावा, म्हणजे मराठी पोथीपरंपरेचा हा एकच विस्तीर्ण परिवार आहे हे वेगळे सांगावे लागणार नाही. कोकणातील महाविद्यालयांनी आणखी एक करावे : विद्यार्थ्यांना आपापल्या घरी, शेजारी, पाखाडीत जाऊन तेर्स, लदीन, गोठ्याची गाणी यांतील शब्दांची नोंद करायला सांगावे. त्या नोंदीत व्याकरण असेल, शब्दांचे प्रवास असतील, आणि आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या पिढीबरोबर जाणारे पुष्कळ काही असेल.

वर्गातील एखाद्या फर्नांडिस किंवा डिसोझा आडनावाच्या विद्यार्थिनीला 'ख्रिस्तपुराण' हे पाठ्यक्रमातील एक जुने नाव वाटते, आणि आजीची सांजेची प्रार्थना ही साहित्याशी संबंध नसलेली घरची बाब वाटते. या दोहोंत चारशे वर्षांचा सलग धागा आहे हे तिला सांगणारे आपण आहोत. आगमनकाळाचे चार रविवार दरवर्षी आपल्याच सत्राच्या अखेरीस येतात. निदान त्या दिवसांत तरी दुसऱ्या पुराणाचे पहिले काही अवस्वरू तिने घरी नेऊन आजीला वाचून दाखवावेत, एवढा गृहपाठ तिला द्यायला हरकत नसावी.